६०० किमी ब्रेव्हे, दुसरा प्रयत्न: थांबलेल्या वेळेचा हिशेब

चाकोरी

मागच्या महिन्यात माझी ६०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण झाली. ३७ तास ५ मिनिटं लागली, मुदत ४० तासांची होती. अभिनंदनं झाली, फोटो झाले, पाय दुखायचेही आता थांबले. तरी मनात सारखा येतो तो दोन वर्षांपूर्वीचा पहिला प्रयत्न. तेव्हा ४१२ किलोमीटरवरच्या कंट्रोलला मी सायकल भिंतीला टेकवली आणि घरी फोन लावला, "न्यायला या."

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रेव्हे म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. ठरलेला रस्ता मुदतीत पुरा करायचा, वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, ते बंद व्हायच्या आत कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि कंट्रोल सोडून इतर कुठेही आपल्या माणसांची मदत घ्यायची नाही. पंक्चर आपणच काढायचं, रस्ता आपणच शोधायचा. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एका हंगामात चारही झाल्या की 'सुपर रँडोनर' हा किताब. माझ्या पहिल्या तीन त्याही वर्षी झाल्या होत्या. अडलं ते ६०० वर.

तेव्हा विचारेल त्याला सांगितलं, समोरून वारा होता. वारा होताच, त्यात खोटं काही नव्हतं. पण वाऱ्याचं नाव घेतलं की पुढे कोणी काही विचारत नाही. सहा महिने मी स्वतःलाही विचारलं नाही.

मग एका रविवारी सायकल कॉम्प्युटरमधली नोंद आणि ब्रेव्हे कार्डाचा फोटो घेऊन बसले. ४१२ किमीला मी पोचले होते २७ तास १० मिनिटांनी. कंट्रोल बंद व्हायला १८ मिनिटं उरली होती. त्या २७:१० पैकी चाकं फिरत होती ती १८ तास १० मिनिटं, म्हणजे सरासरी पावणेतेवीसच्या आसपास. एवढा वारा असूनही हा वेग ६०० किमीला पुरून उरला असता. उरलेले नऊ तास सायकल उभी होती. त्यात झोप किती? १ तास ४० मिनिटं. बाकीचे ७ तास २० मिनिटं २३ थांब्यांमध्ये गेले होते.

२३ हा आकडा मी तीनदा मोजला.

वहीत एकाखाली एक तेवीस ओळी आखल्या आणि प्रत्येकीपुढे थांबायचं कारण लिहायला लागले. शिक्का. पाणी. पंक्चर. जेवण. जॅकेट काढलं. असं बारा ओळींपर्यंत जमलं. अकरा ओळी कोऱ्या राहिल्या. त्यातल्या चार-पाच आठवल्या त्या अशा की पुढचे दोघं थांबले होते म्हणून मीही थांबले, आणि ते निघाले तेव्हा निघाले. त्यांना पाणी हवं होतं, मला काहीच नको होतं.

आणि एक थांबा लख्ख आठवला. रात्रीचे दोन वाजत आले होते. एका पेट्रोल पंपाच्या उजेडात मी कट्ट्यावर बसले होते. नोंदीप्रमाणे ३५ मिनिटं. पायात ताकद होती, पोटात अन्न होतं, झोपही तेव्हा येत नव्हती. पुढे चौदा-पंधरा किलोमीटर वस्ती नसलेला रस्ता होता आणि मला तिथे एकटीने जायचं नव्हतं. मागून कोणाचा तरी दिवा दिसेल म्हणून मी वाट बघत बसले होते. ते वहीत लिहिताना हात थांबला. त्या थांब्याला इतके दिवस मी 'दमले' म्हणत होते. मी घाबरले होते.

हे एवढं कळल्यावर बाकीच्या कोऱ्या ओळीही भरत गेल्या. चढ सुरू व्हायच्या आधीचा थांबा. अंधार पडायच्या आधीचा थांबा. ४०० चा आकडा ओलांडायच्या आधीचा थांबा, कारण त्यापुढे मी आयुष्यात कधी गेले नव्हते. पुढ्यात काहीतरी नको असलेलं आलं की मी आधी ब्रेक दाबत होते आणि मग त्याला कारण शोधत होते.

दुसऱ्या प्रयत्नाची तयारी मी याच वहीवरून केली. लोकांचा सल्ला होता वेग वाढव. साधं गणित मांडून पाहिलं. ६०० किमी २३ च्या वेगाने २६ तास ५ मिनिटांत होतात, २५ च्या वेगाने २४ तासांत. म्हणजे मिळतात दोन तास. सपाटीवर मुख्य विरोध हवेचा असतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २३ चे २५ करायला हवेसाठी सुमारे २८ टक्के जास्त जोर लावायचा, तोही दीड दिवस. आणि इकडे कट्ट्यावर बसून सात तास वीस मिनिटं चालली होती. कुठे हात घालायचा हे वेगळं सांगायला नको.

वेग मी उलट कमी केला. पुढची छोटी चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) ३४ दातांची आणि मागे सगळ्यात मोठं दातेरी चाकही ३४ चं, म्हणजे चढावर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा. गुडघे वाचले. खाणं हँडलबारच्या पिशवीत आणलं, चालवता चालवता हाताशी येईल असं. पूर्वी ते मागच्या बॅगेत तळाशी असायचं, त्यामुळे प्रत्येक घासाला एक थांबा. कंट्रोलवर काय करायचं त्याचा क्रम ठरवला: शिक्का, बाटल्या, स्वच्छतागृह, खाणं हातात, निघायचं. बसायचं फक्त जेवताना. मोबाइल रात्रीचा झोपायचा थांबा येईपर्यंत उघडायचा नाही.

भीतीचं काय केलं ते जास्त महत्त्वाचं. तिला वेळापत्रकात जागा दिली. चार महिन्यांत सहा वेळा मुद्दाम रात्री दोनला निघून उजाडेपर्यंत चालवलं. पहिल्या दोनदा सोबत घेऊन, नंतर एकटीने, ओळखीच्या रस्त्यावर. पुढे एक मुख्य दिवा आणि एक राखीव, मागे दोन टेललाइट, अंगात परावर्तक जॅकेट. अंधारात आवाज मोठे वाटतात आणि चढ लहान वाटतात हे तेव्हा कळलं. चढ दिसतच नाही, त्यामुळे मन आधीच खचत नाही. शिवाय ब्रेव्हेच्या आधी एका सहकाऱ्याशी बोलून ठरवलं की रात्रीचा तो निर्जन टप्पा दोघांनी मिळून करायचा, आणि त्याआधी-नंतर कोणी कोणासाठी थांबायचं नाही. बाई म्हणून रात्रीच्या रस्त्यावर जी काळजी वाटते ती मनाचे खेळ म्हणून उडवून लावायला मी तयार नाही. पण तिची सोय आधी करता येते. पेट्रोल पंपावर बसून होत नाही.

प्रत्यक्ष दिवशी पहाटे पाचला निघालो. ३७० किमीला बरोबर २० तासांनी पोचले, रात्रीचा एक. तिथे तीन तास झोपले. गजर लावून, बूट काढून, आडवी होऊन. चारला निघाले तेव्हा हातपाय लाकडासारखे झाले होते. पहिले दहा किलोमीटर फार वाईट गेले. मग हळूहळू सगळं सैल होत गेलं.

सव्वासहाच्या सुमारास ४१२ चं कंट्रोल आलं. तेच ठिकाण. भिंतही तीच, मी सायकल मुद्दाम तिथेच टेकवली. शिक्का घेतला, पाणी भरलं. दोन वर्षांपूर्वी ज्या खुर्चीत बसून फोन केला होता ती खुर्ची समोर होती. बसावंसं खूप वाटलं. दमल्यामुळे नाही, काय म्हणू, त्या दिवशीच्या माझ्याशेजारी जरा बसावं असं वाटलं. नऊ मिनिटांत निघाले. पुढचे दोन-तीन किलोमीटर डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

४५५ च्या आसपास एकदा सगळंच निरर्थक वाटू लागलं. हे कशासाठी, कोणासाठी, घरी का नाही मी. वहीत एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: वाईट वाटलं की आधी खा. एक केळं आणि मीठ लावलेले दोन उकडलेले बटाटे खाल्ले, चालवत राहिले. वीस-पंचवीस मिनिटांनी जग पुन्हा जागेवर आलं. त्या वेळी थांबले असते तर त्या निराशेला मी खरं मानलं असतं आणि फोन काढला असता, याची मला खात्री आहे.

दुपारी वीस-वीस मिनिटांच्या दोन डुलक्या काढल्या. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी ६०४ किमी पूर्ण. चाकं फिरली २८ तास १३ मिनिटं, सरासरी २१.४. म्हणजे पहिल्या वेळेपेक्षा हळू. झोप एकूण ३ तास ४० मिनिटं, दुपटीहून जास्त. बाकी थांबे १७, त्यांचे मिळून ५ तास १२ मिनिटं. झोप वगळता १०० किलोमीटरमागे पहिल्या वेळी १०७ मिनिटं थांबले होते, या वेळी ५२.

ज्यांनी मोठं अंतर अर्धवट सोडलं आहे त्यांनी लिहावं अशी विनंती. पूर्ण केल्याच्या गोष्टी भरपूर वाचायला मिळतात.

---

रात्रपाळी

शब्दन् शब्द वाचला. ती कोऱ्या ओळींची वही फार आवडली.

झोपेबद्दल थोडं, कारण माझं कामच रात्रीचं आहे. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जातं, आणि लक्ष देण्याची ताकदही त्याच वेळी तळाला असते. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चाचणीतली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी खालावते, आणि २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्याइतकी. ब्रेव्हेत पहाटे पाचला निघायचं म्हणजे उठायचं तीनला. रात्री आठलाच सतरा तास भरतात, आणि खरी रात्र तिथून सुरू होते.

तुम्ही एक ते चार झोपलात ते म्हणूनच योग्य केलंत. तळ यायच्या आधीच तीन तास झोप झाली होती. अनेकजण 'अजून पन्नास करू मग झोपू' म्हणतात आणि नेमक्या त्या चार-पाचच्या वेळेला डुलकत चालवतात. डुलकीही वीस मिनिटांचीच ठेवावी, जास्त झोपलं तर गाढ झोपेतून उठताना डोकं जड होतं. कॉफी घेणाऱ्यांनी ती डुलकीच्या आधी घ्यावी. परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो, उठेपर्यंत ती लागू पडायला लागते.

---

मुक्कामपोस्ट

चाकोरीताई, लेखन मनापासून आवडलं, तरी एक वेगळं मत मांडतो. राग मानू नका.

मी चाळीस वर्षं सायकलवर लांबचे प्रवास करतो. मुदत कधीच पाळली नाही. तुमच्या वहीतल्या अकरा कोऱ्या ओळी वाचताना मला वाटलं, माझ्या प्रवासात अशा कोऱ्या ओळीच तर असतात. पुलावर थांबलो, नदी बघितली. झाडाखाली एक म्हातारा बसला होता त्याच्याजवळ बसलो. कारण विचाराल तर लिहिता येणार नाही. तो वेळ वाया गेला असं मला म्हणवत नाही.

फ्रान्समध्ये पॉल द विवी नावाचे गृहस्थ होऊन गेले (१८५३-१९३०), 'वेलोसिओ' या नावाने लिहायचे. प्रवासात बदलता येणारे गिअर हवेत म्हणून त्यांनी आयुष्यभर झगडा केला. ताईंनी ३४-३४ लावून गुडघे वाचवले तो त्यांचाच वारसा. तूर द फ्रान्सने तर डिरेलर, म्हणजे चालवताना चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, १९३७ पर्यंत येऊ दिले नव्हते. वेलोसिओंनी सायकलप्रवाशांसाठी काही नियम लिहून ठेवलेत. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, फार दमायच्या आधी विश्रांती घ्या. आणि अहंकारासाठी कधी पेडल मारू नका. त्यांचाच पहिला नियम आहे की थांबे मोजके आणि छोटे असावेत, म्हणजे त्या बाबतीत ते तुमच्या बाजूचे. पण शेवटचा नियम मी रोज स्वतःला विचारतो. ४१२ वर परत जायची ओढ कुठून आली, एवढंच तुम्हाला विचारावंसं वाटतं.

---

दोन_चाकं_एक_मन

खूप प्रेरणा मिळाली ताई. मी आतापर्यंत जास्तीत जास्त ६० किमी चालवली आहे. २०० ची ब्रेव्हे करायची इच्छा आहे. साडेतेरा तास ऐकून पोटात गोळा येतो. सुरुवात कुठून करू? साधी हायब्रिड सायकल आहे, चालेल का?

---

फिजिओ_मी

@दोन_चाकं_एक_मन, हायब्रिड चालेल. सायकल अंगाला बसते का ते आधी बघा. २०० ला अडचण येते ती बहुधा बैठकीची, मानेची आणि हातांची.

धाग्यात हातांचा विषय निघालेला नाही म्हणून सांगतो. लांब अंतरानंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होणं फार जणांना होतं. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नर्व्ह जाते, मनगटापाशी ती एका अरुंद वाटेतून आत शिरते आणि हँडलबारचा दाब नेमका तिथे बसतो. अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर होत असतील तर ती वेगळी नस, मीडियन. दोन्हींना ग्लव्ह्ज जाड करणं हा पहिला उपाय नव्हे. अंग पुढे का झुकतं आहे ते शोधा. सॅडलचं टोक खाली वळलेलं असेल तर माणूस सतत पुढे घसरतो आणि सगळा भार हातांवर येतो. हँडल फार खाली किंवा फार लांब असेल तरी तेच. दर दहा-पंधरा मिनिटांनी पकड बदला. बधिरपणा काही आठवडे टिकला किंवा पकडीतला जोर कमी वाटला तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

आणि पाणी. लांब अंतरात नुसतं साधं पाणी गरजेपेक्षा जास्त पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, ते जिवावर बेतू शकतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वाटणं, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं ही लक्षणं. अशा वेळी 'पाणी कमी पडलं' म्हणून आणखी पाणी पाजणं सगळ्यात वाईट. तहानेप्रमाणे प्या. वेलोसिओंचा तहानेआधीचा नियम आज मी जसाच्या तसा देणार नाही, मुक्कामपोस्ट काका.

---

चाकोरी

माझी करंगळी पहिल्या प्रयत्नानंतर जवळजवळ तीन आठवडे बधिर होती. शर्टाची बटणं लावताना कळायचं. हँडल दोन सेंटिमीटर वर घेतलं आणि सॅडल सपाट केलं, या वेळी दोन दिवसांत बरं झालं. लिहायचं राहून गेलं होतं, आठवण केलीत.

मुक्कामपोस्ट काका, राग कसला. तुमचा प्रश्न दोन दिवस मनात ठेवून मग लिहायला बसले.

तुम्ही पुलावर थांबता तेव्हा नदी बघता. मी पेट्रोल पंपावर थांबले तेव्हा काहीच बघत नव्हते. आजूबाजूला काय होतं, आभाळात चांदणं होतं की नव्हतं, मला एक गोष्ट आठवत नाही. तो थांबा मला नको आहे. नदीचा थांबा मलाही हवा आहे, आणि खरं सांगते, या वेळी तो मिळाला. ५२० च्या पुढे दुपारी हाताशी वेळ होता म्हणून एका तळ्याकाठी डुलकी काढली आणि उठल्यावर पाच मिनिटं नुसती बसले. त्या बसण्यापुढे वहीत लिहिलंय, "तळं."

अहंकाराचं म्हणाल तर थोडा असेल. दोन वर्षं तो फोन मला सलत होता. पण पुन्हा गेले ते जास्त करून वाऱ्याचं कारण मोडून काढायला. मी स्वतःशी खोटं बोलले होते आणि ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या वेळीही पूर्ण झाली नसती तरी, ४१२ वर का थांबले हे खरं सांगता आलं असतं तर मला चाललं असतं. हे आज पूर्ण झाल्यावर बोलणं सोपं आहे, तेही मान्य.

---

तीनदा_अर्ध्यात

विनंती केलीत म्हणून लिहितो. तीन ब्रेव्हे सोडल्या आहेत. कारणं तीन वेगळी.

पहिली ३०० ची, मागचा डिरेलर तुटला. तो ज्यावर बसतो तो हँगर वाकलेला आहे हे आदल्या आठवड्यापासून माहीत होतं. तो थांबा घरीच लिहून ठेवलेला होता म्हणा.

दुसरी ४०० ची, पोटाने साथ सोडली. पहिल्या शंभरात अति जोरात गेलो. शरीरात साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असतं, ते जोर लावला की काही तासांत उतरतं, आणि मग तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात घालायची वेळ आली तेव्हा पोट काही घेईना. दमलेल्या पोटाला उशिरा खायला घालता येत नाही. पहिल्या तासापासून थोडं थोडं द्यावं लागतं.

तिसरीबद्दल मात्र चाकोरीताईंपेक्षा वेगळं सांगायचं आहे. ६०० ची होती, ४७० किमी झाले होते, मुदत हातात होती. पहाटे लक्षात आलं की रस्त्याची पांढरी रेघ मधली मधली गायब होतेय. म्हणजे मी काही सेकंद झोपत होतो. एकदा डोळे उघडले तेव्हा सायकल उजव्या मार्गिकेत होती. थांबलो. डुलकी काढली, पुन्हा निघालो, पुन्हा तेच. तेव्हा फोन केला. त्या फोनची मला आजही लाज वाटत नाही. भीतीने थांबलो होतो हे खरं, पण ती भीती बरोबर होती. घरी लहान मुलगी आहे.

नव्या लोकांनी धागा वाचून 'थांबणं म्हणजे कच खाणं' असं मनात घेऊ नये म्हणून हे लिहिलं.

---

चाकोरी

तुमचा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. मी भीतीबद्दल एकच बाजू लिहिली. पंपावरची माझी भीती पुढे काय होईल याची होती. तुमची, नुकतंच काय घडून गेलं त्याची. असा अनुभव मला आला असता तर मीही फोन केला असता, आणि केलाच पाहिजे. मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

---

जुनी_पानं

मुदतीवरून इतकी चर्चा झाली म्हणून थोडा इतिहास. १२ जून १८९७ ला इटलीत काही सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले, सुमारे २३० किमी, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात. त्यांना 'ऑडॅक्स' म्हणू लागले, लॅटिनमध्ये धाडसी. पुढे १९०४ मध्ये पॅरिसमध्ये ऑडॅक्स क्लब सुरू झाला आणि १९२१ पासून त्यांनी प्रत्येकाने आपापल्या वेगाने चालवायच्या ब्रेव्हे घ्यायला सुरुवात केली. आज जगभर दिसणारं कार्ड आणि शिक्के तिथून आले. त्याआधी ऑडॅक्स पद्धत म्हणजे सगळ्यांनी एका कप्तानामागे एका वेगाने जायचं. म्हणजे ताईंची ती 'ते थांबले म्हणून मी थांबले' ही सवय एकेकाळी नियमच होती.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस तर १८९१ पासूनची, सुमारे १२०० किमी. पहिल्या वेळी शार्ल तेराँ न झोपता ७१ तासांच्या थोडं वर पोचला होता. आता ती दर चार वर्षांनी होते, कमाल मुदत ९० तास.

---

दोन_चाकं_एक_मन

सगळ्यांचे आभार. मी दर रविवारी दहा-दहा किमी वाढवत गेले. या रविवारी पहिल्यांदा १०० झाले. ताईंसारखी वही केली. नऊ थांबे. सात ओळी भरल्या, एक तुमच्या तळ्यासारखी आहे (मोर होता). एक कोरी आहे. ८२ किमीला एका चढाच्या पायथ्याशी अकरा मिनिटं. खूप आठवलं, कारण सापडत नाही.

---

चाकोरी

शंभर! मनापासून अभिनंदन.

चढ पायथ्यावरून दिसत होता का?

---

दोन_चाकं_एक_मन

पूर्ण दिसत होता. वरपर्यंत.